पाठवलंच नाही ते परत आलं

ऑफिसचे मेल सर्व्हर मी सांभाळते. आमच्या हिशेब विभागातल्या एक बाई सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला. "मी कुणालाही काहीही पाठवलेलं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "माझा पासवर्ड कुणाच्या हाती लागला असेल का?"

त्यांच्या मेलबॉक्समध्ये एका रात्रीत चार हजारांच्या वर मेल येऊन पडले होते, सगळे परतीचे. 'अनडिलिव्हर्ड मेल रिटर्न्ड टू सेंडर', 'फेल्युअर नोटिस', 'मेल डिलिव्हरी फेल्ड'. विषयाच्या ओळीवरूनच ओळखता येत होतं की हा पोस्टफिक्सने पाठवलाय, हा क्यूमेलने, हा एक्झिमने. ही सगळी मेल सर्व्हर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची नावं. पाठवणाऱ्याच्या जागी बहुतेक ठिकाणी मेलर-डीमन, म्हणजे माणूस नव्हे, सर्व्हर स्वतःच. आणि प्रत्येकाच्या पोटात बाईंच्या नावाने गेलेली कसल्याशा गोळ्यांची जाहिरात.

मी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, तपासले. त्यांच्या खात्यात बाहेरून कुणी शिरलेलं नव्हतं आणि आमच्या सर्व्हरवरून त्या जाहिरातीची एकही प्रत गेलेली नव्हती. कुणीतरी कुठूनतरी लाखो पाकिटं टाकली होती आणि पाठवणाऱ्याच्या जागी बाईंचा पत्ता लिहिला होता, एवढंच. ज्या पाकिटांवरचे घेणाऱ्यांचे पत्ते खोटे निघाले, ती जगभरच्या सर्व्हरांनी इमानदारीत 'परत' केली. जिने पाठवलीच नव्हती तिच्याकडे.

याला बॅकस्कॅटर म्हणतात. १९९७ साली 'जोज डॉट कॉम' या साइटच्या नावाने सूड म्हणून असाच खोटा मेल सोडला गेला होता आणि चिडलेल्या लोकांच्या उत्तरांनी आणि हल्ल्यांनी ती साइट कोलमडली होती. तेव्हापासून मुद्दाम कुणाचं तरी नाव खराब करायला असा मेल सोडण्याला 'जो जॉब' हे नाव पडलं. बाईंच्या बाबतीत मात्र सूडबिड काही नव्हतं. स्पॅमवाल्याच्या यादीतला कुठलातरी एक पत्ता उचलला गेला आणि तो त्यांचा निघाला.

मी त्यांना धीर दिला, पासवर्ड बदलून दिला आणि मेलर-डीमनकडून आलेलं सगळं थेट कचऱ्यात जाईल असा एक नियम त्यांच्या मेलबॉक्सवर लावून दिला. त्यांना हायसं वाटलं, मलाही.

हे मुळात शक्य का होतं, ते सांगायचं तर ईमेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात इथून सुरुवात करावी लागते. एक पत्राच्या आतला, जो आपल्याला 'फ्रॉम' म्हणून दिसतो. दुसरा पाकिटावरचा. तो सर्व्हर एकमेकांना सांगतात, वाचणाऱ्याला तो सहसा दिसतही नाही. काही बिनसलं तर बाउन्स, म्हणजे परतीचा मेल, जातो तो पाकिटावरच्या पत्त्याला. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमपत्रात एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले, तेव्हा जाळं लहान होतं. पाकिटावरचा पत्ता खरा आहे का, हे तपासायची कुठलीच सोय त्या नियमांत नव्हती. आजही मूळ एसएमटीपीत ती नाही. नंतर जे काही आलं ते वरून जोडलेलं आहे.

दोन सर्व्हरांमधलं बोलणं अगदी साधं असतं. एक म्हणतो 'मेल फ्रॉम' अमुक. दुसरा म्हणतो २५०, ठीक. पहिला म्हणतो 'आरसीपीटी टू', म्हणजे पोचवायचं कुणाला, तमुक. दुसरा परत २५०. मग 'डेटा', मग सगळं पत्र, आणि शेवटी एका ओळीवर नुसता एक टिंब. त्या टिंबानंतर दुसरा सर्व्हर जो २५० म्हणतो, तो साधा होकार नसतो. त्या क्षणी पत्राची जबाबदारी त्याच्या अंगावर येते. आता एकतर पोचव, नाहीतर पाठवणाऱ्याला कळव की पोचलं नाही. गुपचूप गिळून टाकायचं नाही. हा नियम २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही कायम आहे आणि मला तो मनापासून आवडतो. आपलं पत्र पोचलं नाही तर कुणीतरी सांगेल, हा भरवसा ईमेलच्या मुळाशी आहे.

पण याच बोलण्यात नाही म्हणायची एक जागाही आहे. 'आरसीपीटी टू' म्हटल्यावर दुसरा सर्व्हर तिथल्या तिथे ५५० म्हणू शकतो: असा माणूस इथे राहत नाही. अजून पत्र हातात घेतलेलं नाही, म्हणून जबाबदारीही नाही. समोर जो जोडलेला आहे त्यालाच नकार मिळाला. तो खरा सर्व्हर असेल तर तो आपल्या माणसाला कळवील. तो स्पॅम ओकणारं एखादं किडलेलं यंत्र असेल तर नकार ऐकून पुढे जाईल, आणि तिसऱ्याच कुणाच्या दारात काही जाऊन पडणार नाही.

दारात नाही म्हटलं तर हा प्रश्न उभाच राहत नाही. आत घेऊन मग नाही म्हटलं, तर परत कुणाला करणार? पाकिटावरच्या नावाला. आणि ते नाव कुणीही लिहिलेलं असू शकतं.

हे मला माहीत होतं. आमचा मुख्य सर्व्हर दारातच नाही म्हणत होता. म्हणून तीन दिवसांनी एका मोठ्या मेल सेवेने आमचे मेल घ्यायचे थांबवले आणि कारण म्हणून 'तुमचा सर्व्हर बॅकस्कॅटर पाठवतो' असं लिहून आलं, तेव्हा ज्या बदनाम सर्व्हरांच्या यादीवरून त्यांनी हे ठरवलं ती यादीच चुकली आहे असं मी धरून चालले. अर्धा दिवस मी यादीवाल्यांना लिहिण्यात घालवला. मग दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन पाठवायच्या मेलची रांग बघितली.

दुसरा सर्व्हर म्हणजे आमचा बॅकअप एमएक्स. एमएक्स म्हणजे बाहेरून येणारा मेल घेणारा सर्व्हर. मुख्य सर्व्हर बंद पडला तर मेल धरून ठेवायचा आणि तो परत उभा राहिला की त्याला द्यायचा, एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षं तो चालू होता आणि कधी त्रास दिला नाही म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मी रांग उघडली तर पडद्यावर ओळीमागून ओळ मेलर-डीमन. हजारो मेल अडकून पडलेले, आणि सगळे बाउन्स. काही अशा डोमेनना (डोमेन म्हणजे पत्त्यातला @ च्या पुढचा भाग) जाऊ बघत होते जी अस्तित्वातच नाहीत, काही अशा सर्व्हरांना ज्यांनी आम्हाला दार लावलं होतं. पोस्टफिक्स न पोचलेला मेल पाच दिवस सांभाळून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून पाच दिवसांचं पाप रांगेत जमा झालेलं दिसत होतं. जे पोचले होते ते तर रांगेत नव्हतेच. ते मला लॉगमध्ये सापडले.

घडत होतं ते असं. या बॅकअपला डोमेन माहीत होतं, माणसं माहीत नव्हती. आमच्या डोमेनचा कुठलाही पत्ता आला की तो २५० म्हणायचा. पोस्टफिक्समध्ये यासाठी रिले रेसिपिएंट मॅप्स नावाची सेटिंग आहे. ती रिकामी असली तर 'सगळे पत्ते खरे' असा तिचा अर्थ होतो. आमची रिकामी होती. मग बॅकअप तो मेल मुख्य सर्व्हरकडे न्यायचा, मुख्य सर्व्हर बरोबर वागून ५५० म्हणायचा, आणि आता जबाबदारी अंगावर असलेला बिचारा बॅकअप नियमाप्रमाणे बाउन्स लिहून पाकिटावरच्या माणसाला पाठवायचा. दोन्ही सर्व्हर आपापल्या जागी बरोबर वागत होते. चूक त्यांच्या मधल्या फटीत होती.

आणि स्पॅमवाल्यांना ही फट चांगली ठाऊक असते. मुख्य सर्व्हर व्यवस्थित चालू असतानाही ते मुद्दाम मागच्या क्रमांकाच्या एमएक्सवर येतात, कारण तिथे गाळणी ढिली असते हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं.

माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. बाईंच्या मेलबॉक्समध्ये जे चार हजार मेल पडले होते, तसेच मेल आम्ही इतर कुणाला तरी पाठवत होतो. लॉगमध्ये मी एकेक पत्ता वाचत होते. एका दूरच्या कुणाला आमच्या सर्व्हरने एका रात्रीत दोनशेहून जास्त बाउन्स पाठवले होते. त्या माणसानेही सकाळी कुणाच्या तरी टेबलाशी जाऊन विचारलं असेल, माझा पासवर्ड कुणाच्या हाती लागला का.

हा नुसता मनस्ताप नाही. बाउन्समध्ये मूळ पत्र जोडलेलं असतं. पोस्टफिक्स साधारण ५०,००० बाइटपर्यंतचं पत्र सगळंच्या सगळं परत करतो, त्याहून मोठं असेल तर फक्त शीर्षकाच्या ओळी. म्हणजे मला एखाद्याला घातक दुवा पाठवायचा असेल आणि माझं स्वतःचं नाव बदनाम असेल, तर मी पाकिटावर पाठवणारा म्हणून त्याचाच पत्ता लिहायचा आणि तुमच्या सर्व्हरवरच्या नसलेल्या माणसाला पत्र टाकायचं. तुमचा चांगल्या चालीचा सर्व्हर ते पत्र नेऊन त्याच्या हातात देईल. काही सर्व्हर तर प्रत्येक चुकीच्या पत्त्यासाठी वेगळा बाउन्स लिहितात आणि प्रत्येकाला पूर्ण पत्र जोडतात. आरएफसी ५३२१ म्हणतो की एका पत्राला किमान १०० पत्ते घेता आलेच पाहिजेत. एक पत्र आत, शंभर बाहेर, तेही तिसऱ्याच्या डोक्यावर. कुणाचा सर्व्हर बंद पाडायला यापेक्षा स्वस्त हत्यार शोधायला नको.

बाउन्सच्या आडून येणारा धोका तसा जुना आहे. १९९३ साली डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा या सुरक्षातज्ज्ञांनी सेंडमेल या मेल सर्व्हर प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांमधला एक प्रकार दाखवून दिला होता. 'मेल फ्रॉम'मध्ये पत्त्याऐवजी एक आज्ञा लिहायची, पासवर्डची फाइल अमुक पत्त्यावर पाठव अशी, आणि 'आरसीपीटी टू'मध्ये नसलेला माणूस. पत्र पोचत नाही, सर्व्हर बाउन्स 'पाठवणाऱ्याला' द्यायला जातो, आणि पाठवणारा म्हणजे आज्ञाच असल्यामुळे ती चालवली जाते. याच वेनेमांनी पुढे पोस्टफिक्स लिहिला.

मग २००४ च्या जानेवारीत मायडूम हा मेलमधून पसरणारा संगणकातला किडा आला. त्या किड्याने बाउन्सचाच वेष घेतला होता. 'मेल ट्रान्झॅक्शन फेल्ड' असा विषय, आत मजकूर नीट दाखवता आला नाही म्हणून जोडला आहे अशी ओळ, आणि जोडलेली फाइल उघडली की किडा यंत्रात. आपलं कुठलं पत्र परत आलं हे बघायला माणूस उघडणारच. त्याच सुमाराला व्हायरस पकडणारे गेटवे 'तुमच्या मेलमध्ये व्हायरस सापडला' अशा सूचना पाकिटावरच्या खोट्या पत्त्यांना पाठवून त्या गोंधळात भर घालत होते.

आणि २०१९ च्या जूनमध्ये एक्झिमचा तो दोष बाहेर आला, आवृत्ती ४.८७ ते ४.९१ मधला. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी तो शोधला. मी ते वाचलं तेव्हा चहूकडून थंडी वाजल्यासारखं झालं, कारण नेहमीच्या मांडणीत बाहेरून आत शिरायची त्यांनी दाखवलेली वाट बाउन्समधूनच जाते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आज्ञा दडवून न पोचणारं पत्र टाकायचं. सर्व्हर बाउन्स घेऊन हल्लेखोराच्याच सर्व्हरकडे येतो. तिथे हल्लेखोर दर काही मिनिटांनी एकेक बाइट देत ती जोडणी सात दिवस लोंबकळत ठेवतो. सात दिवसांनी एक्झिम त्या बाउन्सचा नाद सोडायला जातो, आणि तिथल्या कोडमध्ये दडवलेली आज्ञा चालते, तीही रूट म्हणून, म्हणजे यंत्रावरच्या सगळ्या अधिकारांनिशी. १९९३ ची कल्पना, सव्वीस वर्षांनी, फक्त धीर जास्त.

एक्झिमच्या दोषाने मला थंडी वाजली, पण झोप उडवली ती आमच्याच इथल्या एका घटनेने. आमच्या एका सहकारी बाईंनी ऑफिसचा मेल आपल्या खासगी पत्त्यावर वळवून घेतला होता. तो खासगी पत्ता त्यांनी मुद्दाम नवा उघडला होता, कारण एक माणूस त्यांना जुन्या पत्त्यावर सतत छळत होता. ऑफिसचा पत्ता मात्र जाहीर होता, तो लपवता येत नाही. त्या माणसाने ऑफिसच्या पत्त्यावर मोठमोठ्या फाइली पाठवायला सुरुवात केली. खासगी मेलबॉक्स भरला, तिकडच्या सर्व्हरने नाही म्हटलं, आणि आमच्या सर्व्हरने त्या माणसाला सभ्यपणे बाउन्स लिहून कळवलं की अमुक पत्त्यावर पत्र पोचलं नाही, तिथली जागा भरली आहे. अमुक पत्ता म्हणजे तो नवा खासगी पत्ता. ऑफिसच्या पत्त्यावरून तिकडे वळवला आहे, हेसुद्धा शेजारीच छापलेलं होतं.

त्यात कुणी सर्व्हर फोडला नाही. कुणाचा पासवर्ड गेला नाही. आमच्या यंत्राने स्वतःहून तो पत्ता नेऊन दिला. त्यांना हे सांगायला मीच गेले, आणि सांगताना माझ्याकडे एकही बरं वाक्य नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे वळवलेल्या प्रत्येक मेलच्या पाकिटावर पाठवणारा म्हणून आमचा एक अंतर्गत पत्ता असतो. पुढे काही अडलं तर ते माझ्याकडे येतं, बाहेरच्याकडे जात नाही.

त्यानंतर मी आमच्याकडून गेलेले जुने बाउन्स बाहेरच्या नजरेने वाचून बघितले. आतल्या यंत्रांची नावं, आतले आयपी पत्ते, मधल्या गाळणीचं नाव आणि आवृत्ती. एखाद्याने नुसतं नसलेल्या नावाला एक पत्र टाकलं तरी आमच्या घराचा अर्धा नकाशा त्याला घरपोच मिळत होता.

बॅकअपचं काय केलं ते सांगते. पहिल्यांदा खऱ्या पत्त्यांची यादी त्याच्यावर ठेवली. ती दर तासाला मुख्य सर्व्हरवरून ताजी होते आणि यादीत नसलेल्या नावाला दारातच ५५०. स्पॅम आणि व्हायरसची तपासणीही पत्र हातात घेण्याआधी, टिंब आणि २५० यांच्या मधे आणली. काही महिन्यांनी बॅकअप बंदच केला. चांगले सर्व्हर आमचं दार बंद दिसलं तर स्वतःच रांगेत थांबून काही दिवस प्रयत्न करत राहतात, मग मधे एक अर्धवट माहितीचा दरवान हवा कशाला?

दारात नाही म्हटलं तर कुठले पत्ते खरे हे चोराला कळतं, असा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. कळतं, खरं आहे. पण चोराने पाकिटावर स्वतःचा पत्ता लिहिला तर बाउन्समधूनही त्याला तेच कळतं. त्यावर उपाय वेग कमी करण्याचा आहे. पोस्टफिक्स मुळातच दहा चुकांनंतर उत्तर द्यायला वेळ लावतो आणि वीस चुकांनंतर जोडणी तोडतो.

आपल्या नावाने आलेले खोटे बाउन्स ओळखायचा एक सुंदर मार्ग बीएटीव्ही म्हणून आहे. आपण बाहेर पाठवलेल्या प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याला एक गुप्त खूण जोडायची, साधारण सात दिवस चालणारी. परत येणाऱ्या बाउन्सवर ती खूण नसेल तर ते पत्र आपण पाठवलंच नव्हतं, दारातच नकार. मी ती लावली आणि बाईंच्या मेलबॉक्सवरचा मारा त्याच दिवशी थांबला. अडचणही आली. पाठवणाऱ्याचा पत्ता रोज बदलता दिसतो, त्यामुळे पाकिटावरचा पत्ता बघून प्रवेश देणाऱ्या मेलिंग लिस्ट बिथरतात. तेवढ्यांना वगळलं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे पाठवणारा खरा आहे का ते तपासायचे उपाय, हे सगळं आमच्याकडे आहे आणि असावंच, पण त्यांचा उपयोग समोरचा सर्व्हर ते दारात तपासत असेल तेव्हा होतो. बाउन्सच्या पाकिटावर तर पाठवणारा रिकामाच असतो, म्हणजे बाउन्सचा बाउन्स होऊन चक्र सुरू होऊ नये.

याच रिकाम्या जागेवर बोट ठेवून काही जण सांगतात, रिकाम्या पाठवणाऱ्याचं सगळं अडवा, किंवा आपल्याकडून बाउन्स पाठवणंच बंद करा, कटकट नको. हे मला अजिबात पटत नाही. मला का पटत नाही, ते हिशेबाच्या त्याच बाईंमुळे.

मारा थांबल्यावर दोनेक महिन्यांनी त्यांनी एका संस्थेला मुदत असलेली कागदपत्रं मेलने पाठवली. पत्त्यात एक अक्षर उलटसुलट झालं होतं. तिकडच्या सर्व्हरने लगेच, व्यवस्थित ५५० म्हटलं. आमच्या सर्व्हरने त्यांच्यासाठी खराखुरा बाउन्स लिहिला, त्यावर आमची खूणही होती. आणि मी त्या सकाळी लावून दिलेल्या नियमाने तो उचलून कचऱ्यात टाकला. मारा थांबल्यावर नियम काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. बाई निर्धास्त होत्या की कागद गेले. मुदत उलटल्यावर तिकडून विचारणा झाली तेव्हा कळलं.

मुदत वाढवून मिळाली, पण बाईंना आधी माफी मागावी लागली, ती माझ्या चुकीसाठी. नियम मी त्यांच्यासमोरच काढला. मग दोघींनी बसून कचऱ्यातला तो बाउन्स उघडला आणि मी त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवली: हा कुणी लिहिला, पत्र कुठल्या दारापर्यंत गेलं होतं, ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, आणि खाली तुमचं स्वतःचं पत्र जोडलेलं आहे बघा, ते तुमचंच आहे ना, हे आधी बघायचं.

आता परतीचा मेल आला की त्या मला फोन करतात. "हा खरा आहे का?" परवा आला होता. खरा होता. एक टिंब राहिला होता पत्त्यात.